भारतरत्न : किताब की सन्मान?

सत्कारसमारंभाची निमंत्रणपत्रिका छापावयास देण्याची वेळ आली, म्हणजे पाहुण्यांच्या नावाआधी काय काय लावावयाचे हा प्रश्न संस्थेच्या चिटणिसांपुढे उभा राहतो. डॉक्टर, प्राचार्य, आमदार ही बिरुदे निर्वेधपणे लागतात. पाहुण्यांना राष्ट्रीय सन्मान लाभलेला असेल तर चिटणिसांचा आनंद गगनात मावत नाही. 'पद्मश्री अमुक', 'पद्मभूषण तमुक' असे ठळक टाइपात छापले जाते. आणि पाहुणे थेट सर्वोच्च सन्मानाचे मानकरी असले तर 'भारतरत्न' हा शब्द त्यांच्या नावाहूनही मोठा होतो. यात काही गैर झाले असे पत्रिका वाचणाऱ्या कोणासही वाटत नाही, छापणाऱ्यांस तर नाहीच. वस्तुतः त्या सन्मानाच्या नियमांत हीच एक गोष्ट स्पष्ट शब्दांत वर्ज्य ठरविलेली आहे. सन्मान स्वीकारावा, घरात ठेवावा, छातीवर किंवा गळ्यात धारण करावा. परंतु नावाला जोडू नये. राष्ट्र आपल्या नागरिकाला रत्न म्हणते आणि त्याच श्वासात 'हा शब्द नावाआधी लावू नका' असे बजावते, हे चमत्कारिक दिसते खरे. या चमत्काराचे मूळ भारतीय राज्यघटनेच्या अठराव्या अनुच्छेदात आहे.

राज्यघटनेत समतेच्या हक्काचे पाच अनुच्छेद आहेत, चौदापासून अठरापर्यंत. त्यांतील सतराव्याने अस्पृश्यता नष्ट केली आणि त्याला लागूनच असलेल्या अठराव्याने किताब नष्ट केले. ही दोन कलमे शेजारी शेजारी यावीत हे पुष्कळ वाचकांच्या ध्यानात येत नाही. एकाने जन्माने लादलेला नीचपणा बेकायदा ठरविला, तर दुसऱ्याने सरकारी हुकमाने मिळणारा उच्चपणा. अठराव्या अनुच्छेदाचा आशय असा की सैनिकी किंवा विद्याविषयक सन्मान वगळता कोणताही किताब राज्याने कोणास द्यावयाचा नाही, आणि भारताच्या नागरिकाने परकी राज्याकडूनही किताब स्वीकारावयाचा नाही. मूळ मसुद्यात सैनिकी व विद्याविषयक सन्मानांचा अपवाद नव्हता. घटनासमितीत १९४८ च्या अखेरीस या कलमावर चर्चा झाली तेव्हा टी. टी. कृष्णम्माचारी यांच्या दुरुस्तीने तो आला. रणांगणावर शौर्य गाजविणाऱ्या शिपायाला पदक देता येऊ नये, किंवा विद्यापीठाने दिलेली डॉक्टर ही पदवी लावता येऊ नये, असा अर्थ कोणी काढू नये एवढाच त्या दुरुस्तीचा हेतू होता.

घटनाकारांना किताबांचा एवढा तिटकारा का वाटावा, हे समजण्यासाठी एक शतक मागे जावे लागते. १८५७ च्या उठावानंतर चार वर्षांनी, १८६१ साली, व्हिक्टोरिया राणीने 'स्टार ऑफ इंडिया' ही सन्मानश्रेणी स्थापन केली. तिच्या पहिल्या मानकऱ्यांत हैदराबादचे निजाम, ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, इंदूरचे दुसरे तुकोजीराव होळकर आणि बडोद्याचे खंडेराव गायकवाड होते. ज्या संस्थानिकांनी संकटकाळी इंग्रजांची बाजू सोडली नाही, किंवा ज्यांनी ती यापुढे सोडू नये अशी इच्छा होती, त्यांच्या गळ्यात हे पदक पडले. त्या पदकाचा घाटही बोलका होता. वर पाच टोकांचा तारा, त्याखाली लंबवर्तुळात कोरलेला राणीचा मुखवटा, आणि भोवती 'स्वर्गीय प्रकाश आमचा मार्गदर्शक' या अर्थाचे इंग्रजी ब्रीद. पुढे १८७८ मध्ये 'इंडियन एम्पायर' ही दुसरी, काहीशी खालची श्रेणी निघाली. तिचे पदक पाच पाकळ्यांच्या तांबड्या गुलाबाचे होते आणि गुलाबाच्या मधोमध पुन्हा राणीच. पदक कोणाच्याही छातीवर असो, त्यावर चेहरा देणाराचाच असे.

या वरच्या श्रेणींखाली रावसाहेब, रावबहादूर, खानबहादूर, दिवाणबहादूर यांची मोठी उतरंड होती. मामलेदार, वकील, ठेकेदार, सावकार यांच्या दारावरच्या पाट्या तिने भरून गेल्या होत्या. किताब मिळविण्यासाठी साहेबांच्या बंगल्यावर घातलेल्या खेपा आणि वर्गणीच्या याद्यांवर टाकलेले आकडे हा मराठी विनोदाला वर्षानुवर्षे पुरलेला विषय. सगळेच किताबवाले असे होते असे मात्र नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे रावबहादूर होते, गोपाळराव हरी देशमुखही रावबहादूर होते. परंतु आज कोणास गोपाळरावांचे ते बिरुद आठवते? 'लोकहितवादी' हे त्यांनी स्वतः घेतलेले लेखननामच टिकले.

गोपाळ कृष्ण गोखले यांचे उदाहरण तर या साऱ्या प्रश्नाची मेखच दाखविते. १९०४ साली त्यांना 'इंडियन एम्पायर' श्रेणीतील सी. आय. ई. हा सन्मान मिळाला आणि तो त्यांनी घेतला. दहा वर्षांनी, १९१४ मध्ये, त्याच श्रेणीतील के. सी. आय. ई. देऊ करण्यात आला तेव्हा त्यांनी तो नाकारला. या दोहोंतील भेद नुसत्या पायरीचा नव्हता. सी. आय. ई. ही अक्षरे नावाच्या मागे गुपचूप बसत, के. सी. आय. ई. झालेला गृहस्थ मात्र 'सर' होई, म्हणजे त्याचे नावच बदले. गोखले अखेरपर्यंत नामदार गोखलेच राहिले, आणि 'नामदार' हे कौन्सिलच्या सभासदत्वाचे संबोधन होते, राणीने दिलेला किताब नव्हे. पाच वर्षांनी, जालियनवाला बागेतील हत्याकांडानंतर, १९१९ च्या मे महिन्यात रवींद्रनाथांनी 'सर' हा किताब सोडून दिला. पुढच्या वर्षी गांधीजींनी 'कैसर-इ-हिंद' पदक परत केले. तेव्हापासून सरकारी किताब हा राष्ट्रीय चळवळीत मानाचा नव्हे, लाजेचा विषय झाला.

अशा पूर्वेतिहासाच्या देशाने प्रजासत्ताक झाल्यावर चारच वर्षांत, २ जानेवारी १९५४ रोजी, राष्ट्रपतींच्या सचिवालयातून दोन नव्या नागरी सन्मानांची घोषणा केली. एक 'भारतरत्न' आणि दुसरा तीन वर्गांचा 'पद्मविभूषण'. कला, वाङ्मय व विज्ञान यांच्या उन्नतीसाठी केलेली असामान्य सेवा आणि अत्युच्च दर्जाची लोकसेवा यांच्या गौरवार्थ भारतरत्न द्यावयाचे होते. पहिले तीन मानकरी चक्रवर्ती राजगोपालाचारी, सर्वपल्ली राधाकृष्णन आणि चंद्रशेखर व्यंकट रामन हे होत. दुसऱ्या वर्षी भगवानदास, विश्वेश्वरय्या आणि जवाहरलाल नेहरू यांची भर पडली. या सहांपैकी रामन, राधाकृष्णन आणि विश्वेश्वरय्या हे तिघे इंग्रजी अमदानीत 'सर' झालेले होते, ही गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. एकाच माणसाला जुन्या राज्याने नावाआधी लावावयाचा शब्द दिला आणि नव्या राज्याने न लावावयाचा.

पद्मविभूषणाच्या तीन वर्गांची नावे अक्षरशः पहिला वर्ग, दुसरा वर्ग, तिसरा वर्ग अशीच होती. १९५४ च्या पहिल्या वर्गात शास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस, चित्रकार नंदलाल बोस आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्याबरोबर मुंबई राज्याचे माजी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर होते. पण ही वर्गांची भाषा आगगाडीच्या डब्यांची होती. देशातील एखाद्या थोर शिक्षिकेला किंवा वैद्याला 'तिसरा वर्ग' बहाल करण्यात सन्मान किती आणि अवमान किती, याचा उलगडा करणे कठीण झाले असते. वर्षभरातच, १९५५ च्या जानेवारीत, वर्गांची नावे गेली आणि पद्मविभूषण, पद्मभूषण, पद्मश्री ही आजची नावे आली. उतरंड गेली असे मात्र नाही. ती शब्दांतून निघून धातूंत शिरली. तिन्ही पदके काशाची, तिन्हींवर कमळ. परंतु उठावाचे काम पद्मविभूषणावर पांढऱ्या सोन्याचे, पद्मभूषणावर पिवळ्या सोन्याचे आणि पद्मश्रीवर स्टेनलेस स्टीलचे.

गुलाबाच्या जागी कमळ आले आणि कमळाच्या मधोमध कोणाचाही चेहरा नाही, हे इंग्रजी पदकाशेजारी हे पदक ठेवून पाहिले म्हणजे चटकन दिसते.

भारतरत्नाच्या पदकाची कथा याहून रंजक आहे. १९५४ च्या घोषणेत त्याचे जे वर्णन होते ते आजच्या पदकाशी मुळीच जुळत नाही. ते पदक सोन्याचे आणि वाटोळे, एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे साडेतीन सेंटिमीटर व्यासाचे व्हावयाचे होते. दर्शनी बाजूस मध्यभागी सूर्य, वरच्या कडेला देवनागरीत 'भारत रत्न' ही अक्षरे आणि खालच्या कडेला पानांची माळ. पाठीमागे राजमुद्रा आणि 'सत्यमेव जयते'. थोडक्यात म्हणजे एखाद्या जुन्या नाण्यासारखी वस्तू. सोने, वर्तुळ आणि पानांची माळ ही तिन्ही अंगे युरोपातील पदकांच्या परंपरेतली. भारतीय होती ती अक्षरे आणि राजमुद्रा.

नेमका हाच व्यास त्याआधी चार वर्षांपूर्वी निघालेल्या दुसऱ्या एका भारतीय पदकाचा होता. २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झालेले परमवीरचक्रही वाटोळे व एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच व्यासाचे, पण काशाचे आहे. त्याचा आराखडा सावित्रीबाई खानोलकर यांनी केला. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या या बाई भारतीय सैन्यातील अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी विवाहबद्ध झाल्या आणि येथील पुराणे, भाषा व चालीरीती यांत इकडच्यांहून अधिक रमल्या. मधोमध राजमुद्रा आणि तिच्या चार बाजूंना इंद्राची चार वज्रे, अशी कल्पना त्यांनी मांडली. वज्र म्हणजे दधीची ऋषींनी देह ठेवून दिलेल्या अस्थींचे शस्त्र. देशासाठी देह वेचणाऱ्या शिपायाच्या पदकाला याहून नेमके चिन्ह सापडणे कठीण. आणि नियमाच्या दृष्टीने पाहता, हे पदक सैनिकी असल्यामुळे अठराव्या अनुच्छेदाच्या अपवादात बसते. मूळचे कारवारकडील रामा राघोबा राणे यांनी १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावर शत्रूच्या माऱ्याखाली रणगाड्यांसाठी वाट मोकळी केली. त्यांच्या नावानंतर 'परमवीरचक्र' हे शब्द अधिकृतपणे लागतात. शिपायाला जे खुशाल लावता येते, ते शास्त्रज्ञाला आणि गायकाला लावता येत नाही.

नागरी सन्मानाचे पदक सैनिकी पदकासारखे दिसू नये हे ओघानेच आले. वर्षभरात भारतरत्नाचा सारा घाट पालटला. वाटोळे सोने गेले आणि पिंपळाचे पान आले. आजचे पदक काशाचे, पिंपळपानाच्या आकाराचे आहे. लांबी सुमारे ५.८ सेंटिमीटर, रुंदी ४.७ सेंटिमीटर, जाडी जेमतेम तीन मिलिमीटर. पानाची कड प्लॅटिनमची. दर्शनी बाजूस सूर्याची प्रतिमा, व्यासाने १.६ सेंटिमीटर, तीही प्लॅटिनमची, आणि तिचे किरण पानावर पसरलेले. सूर्याखाली देवनागरी अक्षरांत 'भारत रत्न'. पाठीमागे प्लॅटिनमची राजमुद्रा आणि तिचे ब्रीदवाक्य. अक्षरांना प्रथम सोनेरी मुलामा दिलेल्या चांदीचे काम होते. १९५७ मध्ये त्या जागी झिलई दिलेले कासे आले. दोन इंच रुंदीच्या पांढऱ्या फितीने ते गळ्यात घालतात. हे पदक कोलकात्याच्या अलिपूर टांकसाळीत तयार होते, जेथे पद्मसन्मानांची आणि सैनिकी पदकेही घडविली जातात. पदकाबरोबर राष्ट्रपतींच्या सहीची सनद मिळते. रोख रक्कम मात्र एक पैसाही मिळत नाही.

पिंपळपान निवडण्यामागची कारणे शोधावयास फार दूर जावयास नको. याच वृक्षाखाली गौतमाला बोध झाला; गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी वृक्षांमधला अश्वत्थ तो मी असे सांगितले; आणि सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर व मडक्यांवर जी पाने दिसतात त्यांतही पिंपळपान आहे. मराठी घरांत तर त्याची ओळख याहून साधी आहे. तान्ह्या बाळाच्या कपाळावर बांधावयाचे सोन्याचे पिंपळपान पुष्कळांच्या आज्यांच्या पेटीत असे, आणि खरे पान वहीत दाबून त्याची जाळी होईपर्यंत वाट पाहण्याचा उद्योग शाळकरी पोरांनी पिढ्यान् पिढ्या केला आहे. ज्या पानाला राजा, राणी किंवा सेनापती ठाऊक नाही असे ते पान आहे. मुगुट, तलवार, ढाल, सिंह यांच्या गर्दीतून जगभरची पदके पाहून आलेल्या माणसाला हे पदक जरा अपुरेच वाटेल. नावाला न चिकटणाऱ्या सन्मानाला असाच घाट शोभतो.

आता नावांकडे वळू. २०२४ पर्यंत त्रेपन्न जणांना भारतरत्न मिळाले. त्यांतील मराठी नावे आठवताना प्रथम आठवतात ते धोंडो केशव कर्वे. १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला म्हणून मुरूडच्या लोकांनी ज्यांना वाळीत टाकले, त्यांना १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, राष्ट्राने आपला सर्वोच्च सन्मान दिला. त्याच वर्षी १८ एप्रिलला त्यांच्या शंभराव्या जन्मदिनी टपाल तिकीट निघाले. जिवंत भारतीयाचे चित्र भारताच्या तिकिटावर येण्याची ती पहिली वेळ. जिवंतपणी भारतरत्न स्वीकारणाऱ्यांत ते वयाने सर्वांत वडील. आणि सर्वांत धाकटाही मराठीच आहे. २०१४ मध्ये सचिन तेंडुलकर याला ते मिळाले तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता. मात्र त्यासाठी २०११ मध्ये नियमातील कला, वाङ्मय, विज्ञान व लोकसेवा ही क्षेत्रांची यादी काढून 'मानवी कर्तृत्वाचे कोणतेही क्षेत्र' असे शब्द घालावे लागले होते.

कर्वे यांच्या नावाआधी 'महर्षी' लागते. त्याला कोणाचा आक्षेप नाही, कारण अठरावा अनुच्छेद राज्याला बांधतो, लोकांना बांधत नाही. येथे मराठी मनाची एक जुनी खोड आहे. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला पन्नास वर्षे झाली म्हणून, सरकारने संस्कृत पंडितांसाठी 'महामहोपाध्याय' हा किताब काढला. त्याच्या दुसऱ्याच वर्षी मुंबईत जमलेल्या लोकांनी जोतीराव फुले यांना 'महात्मा' म्हटले. त्यानंतर लोकमान्य आले, कर्मवीर आले, क्रांतिसिंह आले, बाबासाहेब आले. यांपैकी एकाही शब्दामागे गॅझेट नाही. धर्मशास्त्राचा पाच खंडांचा इतिहास लिहिणारे पां. वा. काणे हे महामहोपाध्यायही होते आणि १९६३ चे भारतरत्नही. लोक त्यांना अजून महामहोपाध्याय काणेच म्हणतात. आणि ज्या मसुदा समितीच्या अध्यक्षतेखाली किताबबंदीचे कलम घटनेत बसले, त्या समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर यांना १९९० मध्ये मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

'मरणोत्तर' या एका शब्दाचाही इतिहास आहे. १९५४ च्या मूळ नियमांत मृत व्यक्तीस सन्मान देण्याची तरतूद नव्हती. लालबहादूर शास्त्री यांचे १९६६ च्या जानेवारीत ताश्कंद येथे निधन झाले, आणि मरणोत्तर भारतरत्न मिळालेले ते पहिले ठरले. पुढे १९९२ मध्ये सुभाषचंद्र बोस यांना मरणोत्तर सन्मान जाहीर झाला तेव्हा 'मरणोत्तर' म्हणण्यास पुरावा काय, असा सवाल उभा राहिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९७ मध्ये ती घोषणा रद्द झाल्याचे मानण्यात आले. भारतरत्नाची शिफारस पंतप्रधान राष्ट्रपतींकडे करतात, आणि तीही वर्षाला तिघांहून अधिकांची नसावी असा संकेत आहे. पंतप्रधान स्वतःची शिफारस कशी करणार हा पेच १९५५ मध्येच आला. नेहरूंना सन्मान देताना राजेंद्रप्रसादांनी तो आपण पंतप्रधानांच्या सल्ल्यावाचून देत आहोत असे उघड सांगून टाकले. तिघांची मर्यादाही नेहमी पाळली गेलेली नाही. १९९९ मध्ये चौघांना आणि २०२४ मध्ये पाच जणांना भारतरत्न मिळाले. त्या पाचांत हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' तेलुगूत नेणारे पी. व्ही. नरसिंह राव होते, हे हैदराबादच्या मराठी वाचकास विशेष वाटेल.

हा सन्मान मागील दाराने परत आलेला किताबच आहे, असे म्हणणारेही पहिल्यापासून होते आणि त्यांचे म्हणणे हलके नव्हते. अपवाद सैनिकी आणि विद्याविषयक सन्मानांचा. मग लोकसेवेच्या सन्मानाला घटनेत जागा कोठली? हृदयनाथ कुंझरू यांनी घटनासमितीतच अशा सन्मानांना विरोध केला होता. १९६८ मध्ये खुद्द त्यांनाच भारतरत्न देऊ करण्यात आले तेव्हा त्यांनी ते नाकारले. कुंझरू हे गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष होते. संस्थापकाने 'सर' होण्याचे नाकारले, त्यानंतर चौपन्न वर्षांनी अध्यक्षांनी रत्न होण्याचे नाकारले. पुढच्याच वर्षी आचार्य कृपलानी यांनी हे सन्मान बंद करण्यासाठी लोकसभेत खाजगी विधेयक आणले. ते फेटाळले गेले. परंतु आठ वर्षांनी, १९७७ च्या जुलैत, मोरारजी देसाई यांच्या सरकारने सारेच नागरी सन्मान बंद करून टाकले. १९८० च्या जानेवारीत इंदिरा गांधींच्या सरकारने ते पुन्हा सुरू केले आणि त्या वर्षी मदर तेरेसा यांना भारतरत्न मिळाले. राजकारणात तत्त्वे किती टिकतात याचा हिशेब ज्याला मांडावयाचा असेल त्याने पुढील नोंद पाहावी : १९९१ मध्ये भारतरत्न मिळालेल्यांत मोरारजी देसाई यांचे नाव आहे.

शेवटी निवाडा न्यायालयातच व्हावयाचा होता. १९९२ मध्ये दोन याचिका दाखल झाल्या. एक केरळच्या उच्च न्यायालयात आणि दुसरी मध्यप्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे. ज्या इंदूरच्या महाराजांच्या गळ्यात १८६१ मध्ये राणीचा तारा पडला, त्याच इंदुरात एका नागरिकाने स्वतंत्र भारताच्या पदकांना आव्हान दिले. सन्मानांना काही काळ स्थगिती मिळाली, दोन्ही प्रकरणे सर्वोच्च न्यायालयाने एकत्र केली आणि १९९५ च्या डिसेंबरात निकाल दिला. न्यायालयाने म्हटले की घटनेने निषिद्ध मानलेला किताब म्हणजे नावाला जोडले जाणारे, माणसामाणसांत उच्चनीच भेद पाडणारे बिरुद. भारतरत्न किंवा पद्मसन्मान हे तसे किताब नव्हेत. शिवाय १९७६ मध्ये घटनेत आलेल्या मूलभूत कर्तव्यांत प्रत्येक क्षेत्रात उत्कृष्टतेसाठी झटणे हे नागरिकाचे कर्तव्य सांगितलेले आहे. ती उत्कृष्टता दिसली तर राज्याने तिची दखल का घेऊ नये? मात्र त्याच निकालात न्यायालयाने हात आवरण्याचीही सूचना केली. सन्मानांची संख्या बेसुमार होऊ नये आणि निवड उच्चाधिकार समितीमार्फत व्हावी.

म्हणजे सन्मान घटनेत बसला तो एका अटीवर. तो नावाआधी किंवा नावानंतर लावला की त्याचा किताब होतो, आणि किताब झाला की तो घटनेबाहेर जातो. म्हणून नियमांतच अशी तरतूद आहे की मानकऱ्याने सन्मानाचा असा वापर केला तर राष्ट्रपती तो काढून घेऊ शकतात. पत्राच्या कागदावर, निमंत्रणपत्रिकेवर, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, भिंतीवरच्या जाहिरातीत, कोठेही नावाला हा शब्द चिकटवावयाचा नाही. २००१ साली भारतरत्न मिळालेल्या लता मंगेशकर यांचे घराणे गोव्यातील मंगेशीचे. भीमसेन जोशी यांना ते २००८ मध्ये जाहीर झाले. या दोघांच्या नावाआधी हा शब्द न छापलेले कार्यक्रमपत्रक शोधून काढणे सोपे नाही. आणि तो शब्द बहुधा त्यांनी स्वतः लावलेला नसतो, चाहत्यांच्या प्रेमाने लागलेला असतो. नियम मानकऱ्याला बांधतो, प्रेमाला बांधण्याची त्याची ताकद नाही.

तरीही चिटणिसांची अडचण सोडविण्याची सोय सरकारने करून ठेवलेली आहे. पाहुण्यांचा परिचय द्यावयाचा झाल्यास 'राष्ट्रपतींकडून भारतरत्न प्राप्त' किंवा 'भारतरत्न सन्मानाचे मानकरी' असे लिहिण्यास हरकत नाही. त्यासाठी नाव आधी एकटे छापावे लागते आणि ही माहिती त्याखाली वेगळी द्यावी लागते. छापखान्याला एक ओळ अधिक जुळवावी लागते, इतकेच.